शिकवणी वर्ग : औरंगाबाद व मराठवाडा

शिकवणी वर्ग : शाळेच्या वा महाविद्यालयाच्या नियत वेळेबाहेर, शुल्क घेऊन, मुख्यत्वे परीक्षेच्या तयारीसाठी चालविले जाणारे खाजगी अध्यापनवर्ग. ‘शिकवणी’ हा जुना शब्द एका शिक्षकाने एका अथवा मोजक्या विद्यार्थ्यांना घरी शिकविण्याचा वाचक होता. अनेक विद्यार्थ्यांना एकत्र बसवून वेळापत्रकानुसार शिकविण्याची पद्धत रूढ झाल्यावर ‘क्लास’ व पुढे ‘कोचिंग क्लास’ हे शब्द प्रचारात आले. बोलीत तर ‘क्लासेस’ हे इंग्रजी अनेकवचन मराठी एकवचनासारखे वापरले जाते. प्रस्तुत नोंदीत अकरावी-बारावीच्या, म्हणजे उच्च माध्यमिक स्तरावरील वर्गांचा विचार मुख्यतः औरंगाबाद (२०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर) व मराठवाडा यांच्या संदर्भात केला आहे. या प्रदेशात उच्च शिक्षणाची सोय उशिरा झाली आणि व्यावसायिक शिक्षणाच्या जागा दीर्घकाळ अपुऱ्या राहिल्या. त्यामुळे शाळेबाहेरच्या शिक्षणाचा प्रश्न येथे अन्य विभागांपेक्षा अधिक तीव्रतेने पुढे आला.

महाराष्ट्रात शाळेच्या वेळेबाहेरील शिक्षणाचे दोन प्रवाह आरंभापासून वेगळे आढळतात. पहिला, दिवसा काम करणाऱ्यांना अक्षरओळख व शालेय शिक्षण देण्याचा. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व कष्टकरी यांच्यासाठी रात्रशाळा काढली. मुंबईत प्रार्थना समाजाने व पुढे १९११ मध्ये स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्तीत रात्रीचे वर्ग चालविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालयाने १९४६ पासून सकाळच्या वेळी तासिका ठेवल्या, त्या नोकरी करून शिकणाऱ्यांच्या सोयीसाठीच. दुसरा प्रवाह परीक्षेचा. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. तीस १३२ विद्यार्थी बसले व त्यांपैकी केवळ २२ उत्तीर्ण झाले. सरकारी नोकरी, वकिली व पदवी यांची वाट या परीक्षांतून जात असल्याने परीक्षेपुरते शिकविणारा शिक्षक ही समाजाची गरज बनली. लोकमान्य टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यानंतर १८९० च्या सुमारास पुण्यात वकिलीच्या परीक्षांसाठी वर्ग काढला आणि काही वर्षे त्यावर आपला चरितार्थ चालविला. कर्मवीर भाऊराव पाटील हे साताऱ्यात प्रथम ‘पाटील मास्तर’ म्हणून ओळखले गेले, तेही खाजगी शिकवण्यांमुळे. पहिला प्रवाह शाळेबाहेर राहिलेल्यांसाठी होता, तर दुसरा शाळेत असलेल्यांसाठी. औरंगाबादच्या शिकवणी वर्गांचा इतिहास दुसऱ्या प्रवाहाचा आहे. तथापि त्यांत येणारा विद्यार्थी पुष्कळदा पहिल्या प्रवाहातील कुटुंबांचा वारस असतो, ही या इतिहासातील लक्षणीय बाब होय.

निजामी राजवटीत औरंगाबादमधील शिक्षणाची अडचण परीक्षेपेक्षा भाषेची अधिक होती. हैदराबाद संस्थानाच्या राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठेवले. इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो देशातील पहिला मोठा प्रयोग होता आणि त्या दृष्टीने त्याचे महत्त्व नाकारता येत नाही; परंतु मराठी, तेलुगू व कन्नड भाषकांच्या दृष्टीने एका परक्या माध्यमाच्या जागी दुसरे आले, एवढाच त्याचा अर्थ होता. औरंगाबादला १९२३ मध्ये इंटरमीजिएट महाविद्यालय निघाले. उर्दूचे थोर अभ्यासक मौलवी अब्दुल हक हे काही वर्षे त्याचे प्राचार्य होते. त्यांच्यामुळे अंजुमन-इ-तरक्की-इ-उर्दू या संस्थेचे केंद्रही दीर्घकाळ याच शहरात होते. मराठी घरातील मुलाला मात्र प्राथमिक वर्गांनंतर घरच्या भाषेपासून दूर जाऊन गणित, इतिहास यांसारखे विषय उर्दूतून शिकावे लागत आणि वरच्या वर्गांत इंग्रजीही घ्यावी लागे.

या परिस्थितीला उत्तर म्हणून खाजगी राष्ट्रीय शाळा निघाल्या. औरंगाबादची सरस्वती भुवन ही संस्था १९१५ ची. अंबेजोगाईची योगेश्वरी व हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा यांचे कार्यही याच स्वरूपाचे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात संस्थान सरकारने पूर्वपरवानगीशिवाय खाजगी शाळा काढण्यास बंदी करणारे नियम केले. सभा, व्यायामशाळा व ग्रंथालये यांवरही अशीच बंधने आली. शाळेबाहेर चार मुलांना एकत्र बसवून शिकविणे ही येथे केवळ शैक्षणिक बाब नव्हती. तीत राजकीय जोखीम होती. १९३८ मध्ये औरंगाबादच्या महाविद्यालयीन वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाल्यावर विद्यार्थ्यांनी आंदोलन सुरू केले, ते हैदराबादपर्यंत पसरले आणि शेकडो विद्यार्थी महाविद्यालयांतून काढले गेले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. शिक्षणासाठी आपला प्रदेश सोडून जाण्याची जी सवय मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना पुढे लागली, तिचे एक आरंभीचे व सन्मान्य उदाहरण म्हणून या घटनेकडे पाहता येईल.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानातील निजामी सत्ता संपुष्टात आली. त्यानंतरच्या दोन दशकांत औरंगाबादचे शैक्षणिक चित्र झपाट्याने पालटले. डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने १९५० मध्ये निघालेल्या महाविद्यालयाने (पुढील मिलिंद महाविद्यालय) ज्यांच्या पिढ्यांनी शाळा पाहिली नव्हती अशा मुलांना वसतिगृहासह उच्च शिक्षण उपलब्ध करून दिले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये, मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये, तर शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय व देवगिरी महाविद्यालय १९६० मध्ये सुरू झाले. १९६३ मध्ये मौलाना आझाद महाविद्यालयाची त्यांत भर पडली. तरीही लाखोंची वस्ती असलेल्या एकेका जिल्ह्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे डॉक्टर वा अभियंता होण्याच्या जागा फारच थोड्या होत्या. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी अग्रभागी होते, त्यामागे बेकारीइतकीच ही कुचंबणाही होती.

या काळात शिकवणी हा बहुधा शिक्षकाचा जोडधंदा असे. शाळेतील गणिताचा वा इंग्रजीचा नावाजलेला शिक्षक सकाळी किंवा संध्याकाळी आपल्या घराच्या ओसरीवर दहा-बारा मुले घेई. शिकवणी लावणे हे मुलगा कच्चा असल्याचे लक्षण मानले जाई आणि पालक ती गोष्ट फारशी बोलून दाखवीत नसत. हुशार मुलाने शिकवणीला जाणे ही कल्पना अलीकडची आहे. तिचा उगम परीक्षेच्या नव्या रचनेत शोधावा लागतो.

कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) शिफारशींनुसार महाराष्ट्राने १९७५ च्या सुमारास १० + २ + ३ असा आकृतिबंध स्वीकारला. अकरावी व बारावी मिळून ‘कनिष्ठ महाविद्यालय’ नावाचा नवा टप्पा निर्माण झाला आणि बारावीच्या अखेरीस राज्यभर एकच परीक्षा आली. शाळेतील अखेरची परीक्षा व व्यावसायिक महाविद्यालयाचा दरवाजा यांमध्ये पूर्वी विद्यापीठाचे वर्ष वा दोन वर्षे असत. आता बारावीचे भौतिकी, रसायन, जीवशास्त्र व गणित यांतील गुण थेट प्रवेश ठरवू लागले. एका गुणाने जागा हुकणे ही रोजची भाषा झाली. १९८३ मध्ये राज्य शासनाने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिल्यानंतर जागा वाढल्या, परंतु त्यांचे शुल्क जास्त होते. शासकीय महाविद्यालयातील कमी शुल्काची जागा आणि खाजगी महाविद्यालयातील महाग जागा यांतील अंतर बारावीच्या काही गुणांवर येऊन ठेपल्याने, त्या गुणांसाठी आधीच दोन वर्षे पैसे खर्च करणे हा मध्यमवर्गीय कुटुंबांना सरळ हिशेब वाटू लागला. शिकवणी वर्गांच्या वाढीचे याहून साधे आर्थिक स्पष्टीकरण देता येणार नाही.

औरंगाबाद शहराची वाढही याच सुमारास झाली. चिकलठाण्यापाठोपाठ वाळूज येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली व १९८५ मध्ये तेथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. सिडकोने सत्तरीच्या दशकापासून शहराच्या पूर्वेस नवी वसाहत वसविली. ठरावीक पगार मिळविणारा, स्वतः फारसा न शिकलेला पण मुलांना शिकविण्याची ईर्ष्या बाळगणारा एक मोठा वर्ग शहरात आला. जालना, बीड, परभणी या जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबेही एखादी खोली भाड्याने घेऊन मुलांना येथे ठेवू लागली. औरंगपुरा, उस्मानपुरा, सिडको या भागांत वर्गांची दाटी झाली. त्यांच्या आसपास खानावळी, खाटेच्या हिशेबाने भाडे घेणाऱ्या खोल्या, प्रश्नसंच व मार्गदर्शके विकणारी दुकाने आणि ‘अभ्यासिका’ निघाल्या. महिन्याच्या भाड्याने केवळ बसायची जागा, दिवा व शांतता देणारी अभ्यासिका ही संस्था मराठी शहरांच्या अलीकडील इतिहासात विशेष उल्लेखनीय आहे. जेथे चारपाच माणसे एका खोलीत राहतात, तेथे विकत घ्यावी लागणारी पहिली वस्तू शिकवणी नसून शांतता असते, हे तिने दाखवून दिले.

याच विभागातील लातूर येथे १९८० नंतरच्या काळात जी पद्धत विकसित झाली, ती ‘लातूर पॅटर्न’ या नावाने राज्यभर गाजली. तिच्याविषयी एक गैरसमज रूढ आहे. ही पद्धत खाजगी वर्गांनी निर्माण केलेली नव्हती. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या अनुदानित महाविद्यालयांतील अध्यापकांनी नियमित तासिकांनंतर जादा तास घेणे, अभ्यासक्रम लवकर पूर्ण करून त्यावर वारंवार सराव परीक्षा घेणे, उत्तरपत्रिका तपासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या चुका त्याच्यापुढे ठेवणे आणि अभ्यासावर देखरेख करणे, असे तिचे मूळ स्वरूप होते. बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे वरचेवर झळकू लागली आणि पुण्यामुंबईच्या नामवंत महाविद्यालयांची मक्तेदारी मोडली. ती पाठांतरावर भर देते, विषयाची गोडी लावत नाही, असा आक्षेप तेव्हापासून घेतला गेला. तो निराधार नाही. परंतु दुष्काळी तालुक्यातील मुलाला प्रयोगशाळा, ग्रंथालय व सुशिक्षित घर यांपैकी काहीही मिळालेले नसताना त्याच्या हाती उरलेले एकमेव साधन सराव हेच होते, हेही विसरता येत नाही. पुढे या यशाचा लौकिक महाविद्यालयाच्या आवारातून बाहेर पडला. लातुरात खाजगी वर्गांचा एक स्वतंत्र भागच वसला. औरंगाबादच्या वर्गांनी या पद्धतीतील सराव परीक्षांचे तंत्र उचलले. अध्यापकाने विद्यार्थ्याची जबाबदारी घेण्याचा तिचा भाग मात्र तितक्या प्रमाणात उचलला गेला नाही.

शिकवणी वर्ग व कनिष्ठ महाविद्यालय यांच्या नात्यात खरा बदल प्रवेश परीक्षांनी घडविला. बारावीचे गुण निर्णायक होते तोवर दोघेही एकच अभ्यासक्रम शिकवीत होते. वर्ग महाविद्यालयाची उणीव भरून काढी. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस वैद्यकीय प्रवेशांसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आली व नंतर ती अभियांत्रिकीलाही लागू झाली. २०१४ व २०१५ मध्ये अभियांत्रिकीसाठी केंद्रीय जेईई परीक्षेचे गुण धरण्यात आले, २०१६ पासून पुन्हा राज्याची परीक्षा आली. वैद्यकीय शिक्षणासाठी ‘नीट’ ही राष्ट्रीय परीक्षा २०१३ मध्ये प्रथम झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली, २०१६ मध्ये ती पुन्हा लागू झाली आणि २०१७ पासून महाराष्ट्रातील सर्व वैद्यकीय प्रवेश तिच्यावरच होऊ लागले. परीक्षा बदलली की पुस्तके, प्रश्नांचा प्रकार व वर्गही बदलावे लागत. दोनतीन वर्षांनी नियम पालटण्याचा हा काळ वर्गचालकांना लाभदायक व खेड्यातील पालकांना गोंधळात टाकणारा ठरला. बारावीचे गुण आता केवळ पात्रतेपुरते उरले. दीर्घ उत्तरे लिहिण्यास शिकविणारे महाविद्यालय आणि चार पर्यायांतून एक निवडण्यास शिकविणारा वर्ग यांची वाट वेगळी झाली.

याचा परिणाम कनिष्ठ महाविद्यालयांच्या रिकाम्या बाकांवर दिसून आला. विद्यार्थ्याचे नाव एका महाविद्यालयाच्या पटावर, परंतु त्याची उपस्थिती दिवसभर वर्गात, अशी व्यवस्था राज्यातील अनेक शहरांत रूढ झाली. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांविषयीच्या अधिनियमानंतर अशी महाविद्यालये काढणे सोपे झाले आणि काही ठिकाणी वर्ग व महाविद्यालय यांच्यात उघड भागीदारी होऊन ‘इंटिग्रेटेड’ अभ्यासक्रम निघाले. शाळेच्या वेळेबाहेरचे म्हणून सुरू झालेले शिक्षण अशा रीतीने शाळेच्या वेळेतच येऊन बसले. यास आळा घालण्यासाठी शासनाने २०१८ मध्ये कनिष्ठ महाविद्यालयांच्या विज्ञान शाखेत बोटांच्या ठशांवरून हजेरी घेण्याचा आदेश काढला. पण हजेरीच्या यंत्राने विद्यार्थी महाविद्यालयात येईल. तेथे त्याला हवे ते शिकविले जाईल, याची सोय यंत्राकडे नव्हती. या व्यवस्थेची सर्वांत मोठी किंमत प्रयोगशाळेने मोजली. प्रयोग न करता प्रयोगवही पूर्ण करणे ही गोष्ट पूर्वीही अपरिचित नव्हती, आता ती सर्रास झाली.

वर्गांत जाणारा विद्यार्थी एकाच थरातला नाही. शहरातील डॉक्टरचा मुलगा आठवीपासून तयारी करतो, तर गंगापूर वा कन्नड तालुक्यातील मुलगा दहावीच्या निकालानंतर शहरात येतो आणि इंग्रजी माध्यमातील विज्ञान, शहर व परीक्षा यांना एकदमच सामोरा जातो. मुलींच्या बाबतीत पहाटेच्या व रात्रीच्या बॅचची वेळ हाच अडथळा ठरतो. पालक शहरात राहात नसतील तर वसतिगृह मिळणे हीच प्रवेशाची पहिली अट असते. एकदा अपयश आल्यावर वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देणारे, ज्यांना ‘रिपीटर’ म्हणतात, त्यांची संख्या वैद्यकीय शाखेकडे विशेष आढळते. थांबण्याचे हे वर्ष ज्यांना परवडते तेच ते घेतात. म्हणजे परीक्षा सर्वांना सारखी असली, तरी ती किती वेळा द्यावयाची हे कुटुंबाच्या ऐपतीवर ठरते. विद्यार्थ्यांवरील मानसिक ताण व आत्महत्या यांचा प्रश्न राजस्थानातील कोटा शहरामुळे देशापुढे आला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासंबंधी दिलेले निर्देश शिकवणी वर्गांनाही लागू केले आहेत.

मराठवाड्याच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने प्रवेशाच्या नियमांतील एक तपशील वर्गांइतकाच महत्त्वाचा होता. राज्यातील वैद्यकीय जागांपैकी ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी व ३० टक्के राज्यस्तरावर, अशी विभागणी दीर्घकाळ चालू होती. मराठवाड्यात महाविद्यालये कमी असल्याने येथील विद्यार्थ्याला उर्वरित महाराष्ट्रातील विद्यार्थ्यापेक्षा अधिक गुण मिळवूनही जागा न मिळण्याचे प्रसंग येत. मागास विभागाच्या संरक्षणासाठी असल्याचे भासणारा नियम त्या विभागाच्याच आड येत होता. हा नियम सप्टेंबर २०२० मध्ये रद्द करण्यात आला. तोपर्यंतच्या पिढ्यांनी जादा गुणांची ही तूट शिकवणी वर्गांतून भरून काढली, आणि तिचा खर्च स्वतःच सोसला.

शिकवणी वर्गांचे नियमन हा जगभर अवघड ठरलेला प्रश्न आहे. दक्षिण कोरियात १९८० मध्ये लष्करी राजवटीने खाजगी शिकवण्यांवर सरसकट बंदी घातली; त्या चोरून चालू राहिल्या, अधिक महाग झाल्या आणि २००० मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरविली. जपानमध्ये ‘जुकु’ नावाचे वर्ग शाळेला समांतर अशी मान्यताप्राय व्यवस्था बनले आहेत. चीनने २०२१ मध्ये सक्तीच्या शिक्षणाच्या टप्प्यावर नफ्यासाठी शालेय विषय शिकविण्यास मनाई केली. भारतात वर्गांकडे कर-आकारणीच्या दृष्टीने आधी पाहिले गेले : २००३ पासून त्यांना सेवाकर व २०१७ पासून १८ टक्के वस्तू व सेवाकर लागू झाला. शाळेला करमाफी व वर्गाला कर, हा भेद शासनाने या व्यवसायाचे स्वरूप ओळखल्याचा पहिला पुरावा म्हणावा लागेल. २०१२ मध्ये मुंबईतील एका वर्गसमूहाचे समभाग शेअरबाजारात नोंदले गेले, तेव्हा ती ओळख पुरती स्पष्ट झाली. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये वर्गांची नोंदणी व नियंत्रण यांसाठी एका अधिनियमाचा मसुदा तयार केला, परंतु त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. केंद्र शासनाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश न देणे, शाळेच्या वेळेत वर्ग न घेणे, दिवसाला पाच तासांहून अधिक न शिकविणे, शिक्षक किमान पदवीधर असणे आणि मध्येच सोडणाऱ्यास उरलेल्या काळाचे शुल्क परत करणे या त्यांतील प्रमुख तरतुदी होत. शिक्षण हा समवर्ती सूचीतील विषय असल्याने त्यांची अंमलबजावणी राज्यांवर अवलंबून आहे. केंद्र सरकारच्या २०२५ मधील शिक्षणविषयक सर्वेक्षणानुसार देशातील सु. २७ टक्के शालेय विद्यार्थी खाजगी शिकवणी घेत होते. त्यांत नागरी भागाचे प्रमाण अधिक असले, तरी ग्रामीण भागही फार मागे नव्हता.

शुल्क परवडत नसलेल्यांसाठी शासनानेच वर्ग काढावेत, हा मार्गही अनुसरला गेला आहे. २०१९ मध्ये स्थापन झालेली महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था (महाज्योती) इतर मागासवर्ग, भटक्या व विमुक्त जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांतील अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना जेईई, नीट व राज्य प्रवेश परीक्षा यांचे ऑनलाइन प्रशिक्षण देते आणि त्यासाठी टॅबलेट व इंटरनेटची सोय पुरविते. अनुसूचित जातींच्या, वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांना भोजन व निवास यांसाठी साहाय्य देणारी स्वाधार योजना अकरावीपासून लागू आहे. अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात पूर्ण वेतन घेणारा अध्यापक नेमलेला असताना त्याच विषयासाठी शासनाने दुसऱ्या वर्गाचा खर्च करावा, यातील विसंगती उघड आहे. तथापि पैठण वा सिल्लोडच्या ज्या मुलीला शहरात राहता येत नाही, तिच्यापर्यंत पोहोचणारा वर्ग सध्या पुष्कळदा एवढाच असतो. आणि तोही गावात संध्याकाळी वीज व इंटरनेटचे जाळे असेल त्या दिवशीच भरतो.